कटऑफ जहाजाला असतो, तसा आम्हालाही हवा

माननीय संचालक साहेब आणि एचआर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमचं परिपत्रक आलं. आधी मेलवर, मग तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तरीही कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून पंचिंग मशीनच्या शेजारी भिंतीवर. त्यात म्हटलंय की काही कर्मचारी नेमून दिलेलं तेवढंच काम करून वेळेवर घरी जातात, ग्रुप म्यूट करून ठेवतात, सुट्टीच्या दिवशी फोन उचलत नाहीत. ही 'क्वाएट क्विटिंग'ची प्रवृत्ती आहे आणि ती वेळीच रोखायला हवी. पुढच्या अप्रेझलपासून 'एक्स्ट्रा माइल'ला वेगळे गुण असणार आहेत. असे लोक कोण, त्यांची नावं प्रत्येक टीम लीडरने एचआरला कळवायची आहेत.

माझं नाव त्या यादीत घालावं. आमच्या टीम लीडरला उगाच धर्मसंकट नको. तो भला माणूस आहे आणि त्यालाही दोन लहान मुलं आहेत.

हे पत्र उघड लिहितेय, कारण वाशी, बेलापूर, उरण भागातल्या फॉरवर्डिंग आणि क्लिअरिंगच्या कितीतरी ऑफिसांत थोड्याफार फरकाने हेच चालतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे आणि बाकीच्यांना आपापली कंपनी ओळखू येईलच.

मी एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला आहे, दहा-बारा वर्षं. ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाशिकची द्राक्षं असोत की भिवंडीचं कापड, कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत जायचा तर त्याच्या आधी कागद जावे लागतात. कस्टम्सला द्यायचं शिपिंग बिल, भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन म्हणजे व्हीजीएम, गेटसाठी फॉर्म १३, शिपिंग लाइनला द्यायच्या सूचना, मग बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे शिपिंग लाइन मालासाठी देते त्या पावतीचा, ड्राफ्ट. प्रत्येकाला कटऑफ, म्हणजे शेवटची वेळ, असतो. तो हुकला की कंटेनर शटआउट: पुढच्या जहाजापर्यंत माल पडून, भाडं चालू आणि पार्टीचे, म्हणजे ज्याचा माल त्याचे, फोनही चालू.

ड्राफ्ट तपासणं हे बाहेरून फार किरकोळ काम वाटतं. कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून एखादा आकडा चुकला तर सिस्टीम बहुतेक वेळा अडवते. वजनाला असा पहारेकरी नाही. १८,५४० किलोचे १८,४५० झाले तर ते कुठलीही सिस्टीम सांगत नाही, माणसाच्या डोळ्यालाच दिसावं लागतं. नोटिफाय पार्टीचं, म्हणजे माल पोचल्यावर ज्याला कळवायचं त्याचं, नाव आणि पत्ता एलसीत, म्हणजे बँकेच्या पैशाच्या हमीपत्रात, जसा आहे तसाच लागतो, नाहीतर बँकेत कागद अडकतात. अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा तपशील तर कंटेनर जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी तिथल्या कस्टम्सकडे पोचावा लागतो आणि चूक झाली तर दंड डॉलरमध्ये भरावा लागतो. हे काम सकाळी अकराला टेबलावर बसून, शेजारी चहा ठेवून करणं वेगळं. रात्री साडेअकराला ओट्याला टेकून, मोबाइलवर आलेला फोटो दोन बोटांनी मोठा करत करणं वेगळं. तुमच्या नव्या पद्धतीत गुण या दुसऱ्या प्रकाराला आहेत.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी त्या पंचिंग मशीनची, ज्याच्या शेजारी परिपत्रक लावलंय. आपली वेळ साडेनऊ ते साडेसहा. सकाळी पाच मिनिटं उशीर झाला तर लाल खूण येते, तीन लाल खुणांना अर्धा दिवस जातो. संध्याकाळी मात्र साडेसहाला सिस्टीम आपोआप सगळ्यांचं पंच-आउट करून टाकते. म्हणजे कोणी नऊ वाजेपर्यंत बसलं तरी कंपनीच्या दफ्तरी ते साडेसहालाच घरी गेलेलं असतं. कामगार खात्याचा माणूस उद्या आला तर त्याला कागदोपत्री अख्खं ऑफिस वेळेवर घरी जाणारं दिसेल. आणि प्रत्यक्षात जो साडेसहाला उठतो त्याचं नाव तुम्हाला हवंय. या दोन गोष्टी एकाच भिंतीवर कशा राहतात, ते मला खरंच कळलेलं नाही.

दुसरी तक्रार व्हॉट्सॲपची. ते तीन ग्रुप २०२०च्या लॉकडाउनमध्ये निघाले. बंदर चालू होतं, माल अडकला होता, ऑफिस बंद होतं, तेव्हा त्यांची गरज होती. आम्ही घरच्या इंटरनेटवर, स्वतःच्या फोनवर कामं केली. ते दिवसच तसे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऑफिस उघडलं तरी ग्रुप राहिलेच. आधी फक्त शटआउट होऊ घातलेल्या कंटेनरसाठी मेसेज यायचे, मग उद्याच्या कामाचे येऊ लागले, आता रविवारी दुपारी 'गुड आफ्टरनून टीम, जस्ट अ रिमाइंडर' येतं. निळी खूण दिसूनही उत्तर आलं नाही की पाठोपाठ प्रश्नचिन्ह. (एकट्या प्रश्नचिन्हाइतका उद्धट मेसेज मी दुसरा पाहिलेला नाही.)

तिसरी तक्रार बायकांची आहे आणि ती ऑफिसात आम्ही एकमेकींतच बोलतो. मी कळव्याला राहते. वाशीहून ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथे पूल चढून स्लो लोकल, मग कळवा. ऐरोली–कळवा जोडमार्ग झाला असता तर ठाण्याचा फेरा वाचला असता. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पुढचा रूळ अजून व्हायचाच आहे. तो दोष तुमचा नाही. पण रात्री नऊनंतर ट्रकांच्या रांगांतून वाट काढत वाशी स्टेशन गाठायला लावता, तो तुमचा आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७च्या, स्पष्ट आहे: रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची सोय हवी. आपल्याकडे संमती कोणी विचारत नाही, आणि गाडी मागितली तर 'रिक्षाचं बिल लाव' असं उत्तर मिळतं. ते बिल दोन महिन्यांनी पास होतं.

एवढं करून घरी गेल्यावर काय? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत बायका घरच्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं आलं. जवळपास पाच तास. तुम्ही 'एक्स्ट्रा माइल'ला गुण देता तेव्हा प्रत्यक्षात ज्याच्या घरी दुसरं कोणीतरी भाकरी थापून ठेवतं त्यालाच गुण देता. मॅडम, हे तुम्हाला मी सांगावं असं काही नाही.

चौथी पैशाची. याच कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट मोबदला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर न्यायचं ठरवलं तेव्हाही आठवड्याचे ४८ तास आणि दुप्पट मोबदला तसाच ठेवला. आपल्याकडे ओव्हरटाइम हा शब्द काढला की सांगतात, 'तू एक्झिक्युटिव्ह आहेस, तुला लागू नाही.' गेल्या वर्षी तर पगार जेमतेम वाढवून निम्म्या डिपार्टमेंटला 'असिस्टंट मॅनेजर' केलं. माझ्या हाताखाली कोणी नाही. मी कोणाची रजा मंजूर करत नाही, शंभर रुपयांचं व्हाउचरही माझ्या सहीने निघत नाही. व्यवस्थापकीय किंवा गोपनीय पदांवरच्या लोकांना त्या कायद्यातून वगळलंय हे खरं आहे, पण अशा लोकांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर लावायची असंही त्यातच म्हटलंय. आपल्या वेबसाइटवर जहाजाचा फोटो आहे, क्रेनचा आहे, यादी नाही.

आणि हे काम फुकटचं आहे असंही नाही. रात्री आलेली दुरुस्ती आपण पार्टीला 'अमेंडमेंट चार्जेस' म्हणून लावतो, उशिरा आलेल्या सूचनांचे वेगळे लावतो. ती बिलं मीच बनवते. पैसा येतो, तो कोणाकडे येत नाही तेवढं मला माहीत आहे.

पाचवी तक्रार माझी नाही, पण तिनेच हे पत्र लिहायला बसवलं. आमच्यात एक मुलगा आहे, तिशीच्या आतला. काम चोख. गेले काही महिने तो ठरल्या वेळी उठतो, कारण रात्रीच्या वर्गाला जाऊन कस्टम ब्रोकरच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याच्या फाइलीतला एकही कंटेनर राहिलेला नाही. हवं तर रजिस्टर बघा. तिमाही मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला 'क्लॉक-वॉचर' म्हटलं गेलं. आणि 'स्टार ऑफ द मंथ' ज्याला मिळाला तो रोज दहापर्यंत बसतो, कारण दिवसभराची निम्मी कामं तो संध्याकाळी सुरू करतो. मी त्याला दोष देत नाही. बसलेला दिसण्याला बक्षीस ठेवलं की माणूस बसतोच.

'क्वाएट क्विटिंग'बद्दल परिपत्रकात एवढं लिहिलंय तर थोडं मीही वाचलं. २०२२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका छोट्या व्हिडिओमुळे हे पसरलं. त्याच वर्षी गॅलप या संस्थेने अमेरिकेतले किमान निम्मे कामगार या प्रकारात बसतात असं सांगितलं. निम्मी माणसं एकदम कामचुकार झाली असं मानायचं, की कामाच्या मापातच काही बिघडलंय असं, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याकडे तर उद्योगातली मोठी माणसं आठवड्याला ७० तास काम करा म्हणाली, २०२५च्या जानेवारीत आकडा ९०वर गेला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभर पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७,४५,००० माणसं गेली, असं त्यात होतं. पुण्यात नोकरी करताना गेलेल्या २६ वर्षांच्या सीए मुलीच्या आईने तिच्या कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र २०२४ मध्ये सगळ्यांनी वाचलं. तुम्हीही वाचलं असेल. त्यानंतर आपल्याकडे 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं एक सत्र झालं, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे, कारण ते प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकवलं जातं: जहाज कोणासाठी थांबत नाही. बरोबर. न्हावा शेवा १९८९ पासून रात्रंदिवस चालणारं बंदर आहे, तिथे 'सहा वाजले, उद्या या' चालणार नाही. पण ते बंदर चालतं कसं? गेटवरचा माणूस शिफ्टमध्ये आहे. क्रेनवरचा शिफ्टमध्ये आहे. ज्या जहाजासाठी माझी झोपमोड होते त्या जहाजावरच्या खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्या विश्रांतीची रोजची नोंद ठेवतात आणि तिच्यावर खलाशाची सही असते. भर समुद्रात, वादळात, हे जमतं. वाशीच्या चौथ्या मजल्यावर एसीत जमत नाही.

तेवढं लांबही जायला नको. आपल्या खिडकीतून एपीएमसीचा घाऊक बाजार दिसतो. तिथे गोण्या उचलणाऱ्या माथाडीचा दर ठरलेला आहे आणि तो मंडळामार्फत ठरतो. अण्णासाहेब पाटलांनी माणसं उभी केली, १९६९ मध्ये कायदा झाला, म्हणून. माथाडींचे प्रश्न संपले असं मी म्हणत नाही, पेपर मीही वाचते. पण 'ओनरशिप दाखव आणि वीस गोण्या फुकट टाक' असं तिथे कोणी म्हणून बघावं. आम्ही शिकलेले, खुर्चीवर बसलेले, म्हणून आमच्याकडून मागता येतं. आणि आम्ही देतो, कारण मागणारा इंग्रजीत मागतो.

ज्या रविवारी तुमचे रिमाइंडर येतात तो रविवारही कोणी सहज दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, आपल्या ठाण्याचेच. त्यांनी गिरणी कामगारांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. गिरणी मालकांचाही युक्तिवाद हाच असणार, की माल थांबत नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे. आम्ही पूर्वीही उशिरापर्यंत थांबायचो. माझे वडील हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तेव्हाच्या मॅनेजर साहेबांनी अर्ज न मागता ॲडव्हान्स दिला आणि पंधरा दिवस माझ्या फाइली स्वतः बघितल्या. त्या माणसासाठी मी दिवाळीच्या पहाटेसुद्धा ड्राफ्ट तपासलेत आणि पुन्हा वेळ आली तर तपासेन. तो देण्याघेण्याचा व्यवहार होता. दोन्ही बाजूंनी मोजला जात नव्हता म्हणून चालला. ते साहेब गेले, ॲडव्हान्सची पद्धत गेली, मेडिक्लेममधून आईवडील गेले. आमच्याकडून यायचं ते तेवढं राहिलं, आणि आता त्याचेच गुण मोजायला निघालात. हौसेने घातलेलं वाण कोणी हक्काने मागायला लागलं तर पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला कोण बोलावेल?

तेव्हा माझ्या, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या, मागण्या अशा:

१. परिपत्रक मागे घ्या आणि नावं मागवणं थांबवा. अप्रेझलमध्ये बघायचंच असेल तर शटआउट किती झाले, ड्राफ्टमध्ये चुका किती राहिल्या, पार्टीची बिलं वेळेवर गेली का, हे बघा. माझं खराब निघालं तर मी ऐकून घेईन.

२. डॉक्युमेंटेशनला दुपारी दोन ते रात्री साडेदहाची दुसरी शिफ्ट सुरू करा. सुरुवातीला दोन-तीन माणसं पुरतील. शनिवार-रविवारसाठी आळीपाळीने ड्युटी लावा, बदली सुट्टी द्या, महिन्याचं वेळापत्रक आधी लावा. शिफ्टचा एक फोन कंपनीने घ्यावा आणि पार्टीला तोच नंबर द्यावा. माझा खाजगी नंबर गुजरातपर्यंत पोचलाय, तो आता परत मिळणार नाही. निदान नवीन मुलींचे तरी वाटू नका.

३. आपोआप पंच-आउट बंद. माणूस जातो तेव्हाची वेळ नोंदवली जावी, आणि मर्यादेवरच्या तासांचा कायद्याप्रमाणे मोबदला पगाराच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसावा.

४. व्यवस्थापकीय पदांची यादी वेबसाइटवर लावा. त्यात माझं नाव असेल तर माझे अधिकार काय, तेही लिहून द्या.

५. रात्रीच्या शिफ्टला असलेल्या प्रत्येक बाईसाठी दारापर्यंत गाडी. रिक्षाचं बिल नाही.

सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खाजगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडे कधी होईल सांगता येत नाही, पण वरच्या पाच गोष्टींना कुठल्याही विधेयकाची गरज नाही. तुमच्या सहीने होतात.

तोवर मी काय करणार तेही सांगून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून साडेनऊ ते साडेसहा या वेळातलं माझं सगळं काम मी आजवर केलं तसंच करेन. सहा वाजता अर्धवट असलेल्या फाइलींची यादी, कटऑफच्या वेळांसकट, टीम लीडर आणि तुम्हाला मेलवर जाईल. साडेसहानंतर आणि सुट्टीच्या दिवशी ग्रुप बंद असतील. बंदरात आग लागली, माणूस अडकला, नाशवंत माल खरोखर कुजायला आला, तर फोन करा, मी उचलेन. आजवर उचललाच आहे. ड्राफ्टमधला स्वल्पविराम त्यात येत नाही.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं. पंधरा दिवसांत मिळालं नाही तर हाच मजकूर, पंचिंगच्या नोंदी आणि साडेसहानंतरच्या मेसेजच्या प्रतींसह, कामगार खात्याच्या कार्यालयात देईन. उत्तर साडेनऊ ते साडेसहाच्या मध्ये पाठवलंत तर त्याच दिवशी वाचेन.

आपली नम्र,
असिस्टंट मॅनेजर (हाताखाली कोणी नाही),
एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, वाशी